तक्ता, कोड आणि मराठी अक्षर : यावलच्या निमित्ताने एका मुद्रणप्रश्नाचा इतिहास

सातपुड्याचा पायथा आणि तापी नदी यांच्या दरम्यानच्या काळ्या जमिनीच्या पट्ट्यात वसलेल्या यावल गावाची जुनी ख्याती केळीमुळे नव्हती. ती दोन जिनसांमुळे होती : नीळ आणि कागद. पैकी निळीचा धंदा विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत पूर्णपणे नष्ट झाला होता. हाताने केलेला जाडाभरडा देशी कागद मात्र थोड्या प्रमाणात तेव्हाही होत असल्याचे इंपीरियल गॅझेटियरात नमूद आहे. खानदेशात असाच कागद एरंडोल येथेही होत असे. या कागदाचे मोठे गिऱ्हाईक ग्रंथकार नव्हे, तर हिशेब लिहिणारा. कीर्द, खतावणी, जमाबंदीचे बंद, सावकाराच्या वह्या यांसाठीच तो खपे. जेथे रकाने आखण्यासाठी कागद तयार होत होता, त्या गावाच्या निमित्ताने रकान्यांतील मजकूर छापण्याचा एक अर्वाचीन प्रश्न तपासणे म्हणूनच अप्रस्तुत ठरू नये.

प्रश्न असा. संगणकावरील तक्तेवजा वही, म्हणजे स्प्रेडशीट, आज तालुक्याच्या गावी कचेरी, शाळा, विविध कार्यकारी सोसायटी, केळीचा व्यापारी अशा सर्वांकडे आहे. या वहीस आज्ञा देणारा जो छोटा कार्यक्रम लिहितात त्यास मॅक्रो म्हणतात. तक्त्यातील एकेक ओळ घेऊन तिच्यापासून नोटीस, पावती, यादी किंवा दाखला तयार करावा आणि तो छापावा, हे मॅक्रोचे नित्याचे काम होय. इंग्रजीत हे काम दोन-चार ओळींत उरकते. मराठीत मात्र ते करताना असे आढळून येते की, तक्त्यात मराठी अक्षर सुखाने नांदते, पण त्याच तक्त्याला हुकूम देणाऱ्या कोडमध्ये त्याला जागा नाही. हे असे नेहमीच नव्हते. कोणत्या टप्प्यावर आणि कोणत्या कारणाने मराठी अक्षर कोडमधून बाहेर पडले, हे येथे पाहावयाचे आहे.

प्रथम तक्त्याचा पूर्वेतिहास थोडक्यात पाहू. यावल हे शिंद्यांच्या मुलखातील ठाणे. १७८८ मध्ये ते निंबाळकरांकडे गेले; त्यांनी तेथे बांधलेल्या किल्ल्याचे अवशेष प्रसिद्धच आहेत. १८२१ मध्ये ते इंग्रजांकडे आले, १८३७ मध्ये पुन्हा शिंद्यांस देण्यात आले आणि १८४३ मध्ये कायमचे इंग्रजी अमलाखाली गेले. इतक्या वेळा धनी बदलले तरी हिशेब लिहिणारा हात गावातलाच राहिला. कुलकर्णी मोडीत लिहीत असे. कागदास उभ्या घड्या घालून रकाने पाडण्याची रीत होती, आणि कोणत्या घडीत जमा, कोणत्या घडीत खर्च, हे वाचणाऱ्यास शीर्षकावाचूनही कळत असे.

नव्या तक्त्यांचा प्रवेश मात्र निर्वेध झाला नाही. गोल्डस्मिड व विंगेट यांनी १८३५-३६ च्या सुमारास इंदापूर तालुक्यात सुरू केलेली मोजणीची पद्धत १८५२ मध्ये खानदेशात आणली गेली, तेव्हा सावदा, रावेर, चोपडा या भागांत लोकांनी तिला उघड विरोध केला आणि तो मोडण्यासाठी लष्कर आणावे लागले. विरोधाची कारणे अनेक सांगता येतील. त्यांतील एक तरी असे दिसते की, जमिनीची ओळख इतके दिवस गावच्या स्मरणात आणि कुलकर्ण्याच्या दप्तरात होती. आता ती क्रमांक, क्षेत्र आणि आकार अशा तीन रकान्यांत बसविली जाणार होती, आणि त्या रकान्यांवर गावाचा ताबा नव्हता.

पुढील शंभर वर्षांत हे रकाने वाढत गेले. १९०३ च्या कायद्याने मुंबई इलाख्यात हक्कनोंदणी आली. १९०६ मध्ये खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले व यावल पूर्व खानदेशात, म्हणजे पुढील जळगाव जिल्ह्यात राहिले. परगणे व कुलकर्णी वतने नष्ट करणारा कायदा १९५० मध्ये झाला आणि वंशपरंपरेच्या कुलकर्ण्याची जागा पगारी तलाठ्याने घेतली. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम १९६६ चा. त्याखालील हक्कनोंदणीचे नियम १९७१ चे. गाव नमुना सहा म्हणजे फेरफार, सात म्हणजे अधिकार अभिलेख, बारा म्हणजे पिकांची नोंद, आठ-अ म्हणजे खातेदाराची एकूण जमीन, ही आज शेतकऱ्याच्या तोंडी असलेली नावे या व्यवस्थेतून आली. नमुना सात आणि नमुना बारा एकाच कागदावर येतात म्हणून तो सातबारा. याच अधिनियमाच्या कलम १५७ अन्वये अधिकार अभिलेखातील नोंद, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, खरी मानली जाते. रकान्यात काय लिहिले गेले याला इतके वजन असल्यामुळे रकान्यातून बाहेर काढून काय छापले गेले यालाही वजन येते.

परंतु तक्ता आणि वाक्य या दोन भिन्न वस्तू आहेत. तक्त्यात ‘गट, क्षेत्र, आकार, खातेदार’ एवढेच असते. नोटिशीत ‘अमुक यांस कळविण्यात येते की’ असे पूर्ण वाक्य लागते. ओळीचे वाक्य करणारा जो मध्यस्थ, तो पूर्वी कुलकर्णी होता, मग तलाठी व कारकून झाला. मॅक्रो हा त्याच मालिकेतील शेवटचा मध्यस्थ होय. पहिले दोघे मराठी जाणत होते. मॅक्रो जाणत नाही. त्याला जे अक्षर दिले जाईल तेच तो उमटवितो, आणि ते अक्षर त्याला द्यावयाचे कसे, हीच अडचण आहे.

स्प्रेडशीटचा इतिहास १९७९ पासून सुरू होतो. डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँकस्टन यांनी त्या वर्षी ॲपल-दोन या यंत्रासाठी ‘व्हिजिकॅल्क’ तयार केले. १९८३ च्या जानेवारीत ‘लोटस १-२-३’ बाजारात आले आणि मॅक्रो ही गोष्ट सर्वसामान्य कारकुनाच्या आटोक्यात आली. लोटसमधील मॅक्रोचे स्वरूप आज फार लोकांच्या लक्षात नाही. तो निराळ्या जागी लिहिलेला कार्यक्रम नसे. हाताने जी कळ दाबावयाची तिचे आद्याक्षर त्याच तक्त्याच्या एखाद्या रिकाम्या चौकटीत मजकूर म्हणून लिहून ठेवीत. छपाईचा प्रचलित मॅक्रो म्हणजे एक तिरकी रेघ आणि तिच्यापुढे सहा अक्षरे : छपाई, छापयंत्राकडे, कागद जुळवा, चालू करा, पान पुढे सरकवा, बाहेर पडा. ही सहा अक्षरे आणि छापावयाचा तक्ता एकाच वहीत, शेजारी शेजारी असत. हुकूम आणि हिशेब यांच्यात भिंत नव्हती.

मराठीच्या दृष्टीने ही स्थिती अनुकूल होती, असे म्हटल्यास आज नवल वाटेल. कानपूरच्या तंत्रज्ञान संस्थेत सुरू झालेले आणि १९८८ मध्ये पुण्यास स्थापन झालेल्या ‘सी-डॅक’ने पुढे नेलेले ‘जिस्ट’ हे तंत्र एका कार्डाच्या रूपाने संगणकात बसवीत. त्या काळच्या मजकुरी कार्यक्रमांत त्यामुळे भारतीय लिप्या थेट उमटत. त्यामागची संकेतपद्धती ‘इस्की’. ती १९९१ मध्ये भारतीय मानक म्हणून प्रसिद्ध झाली. या पद्धतीत २५६ जागांपैकी पहिल्या अर्ध्या रोमन अक्षरांसाठी जशाच्या तशा ठेवलेल्या आणि वरचा अर्धा भाग भारतीय अक्षरांचा. म्हणजे एकाच चौकटीत रोमन हुकूम आणि मराठी मजकूर हे दोन्ही नांदू शकत. कार्ड महाग होते, छापयंत्रे टिंबांची होती, अक्षर सुबक नव्हते, हे सर्व खरे. तरीही लिपी आणि हुकूम यांचे भांडण तेव्हा लागलेले नव्हते.

ते लागले १९९३ नंतर. एक्सेल प्रथम १९८५ मध्ये मॅकिंटॉशसाठी आणि १९८७ मध्ये विंडोजसाठी निघाले. १९९२ च्या चौथ्या आवृत्तीपर्यंत त्याचे मॅक्रोही एका विशेष शीटवर, चौकटींतच लिहिले जात. १९९३ च्या पाचव्या आवृत्तीत ‘व्हिज्युअल बेसिक फॉर ॲप्लिकेशन्स’, संक्षेपाने व्हीबीए, ही भाषा आली. प्रोग्रॅम लिहिणाऱ्यास तिच्यामुळे फार मोठी शक्ती मिळाली यात संशय नाही; तथापि कोड तक्त्याबाहेर गेला, आणि लवकरच त्यास स्वतःची निराळी खिडकी मिळाली.

नेमक्या याच काळात महाराष्ट्रात मराठी टंकांचा, म्हणजे फाँटांचा सुकाळ झाला. श्रीलिपी, कृतिदेव, आकृती आणि सी-डॅकचे टंक ही नावे प्रत्येक डीटीपीच्या दुकानात ऐकू येत. या टंकांची युक्ती साधी होती. संगणकाच्या दृष्टीने साठविले जाई ते रोमन अक्षर किंवा एखादे चिन्ह. डोळ्यास मराठी दिसे ते केवळ टंकामुळे. टंक काढून घेतला की नाव, गाव, पत्ता सर्वच निरर्थक रोमन अक्षरांचा कडबा होऊन जाई. एका कंपनीच्या टंकात टाइप केलेले दुसरीच्या टंकात वाचता येत नसे. अकारविल्हे यादी लावावी तर ती रोमन क्रमाने लागे. अभ्यासकांनी या पद्धतीस पुष्कळ दोष दिले आहेत आणि ते रास्तच आहेत.

परंतु मॅक्रोपुरते पाहिले तर या सदोष पद्धतीने काम अडत नव्हते. कोडच्या खिडकीत तो रोमन कडबा अवतरणचिन्हांत जसाच्या तसा लिहिता येई, मॅक्रो तो चौकटीत नेऊन ठेवी, चौकटीचा टंक बदलण्याची एक ओळ त्याच्या जोडीला दिली की छापलेल्या कागदावर शुद्ध मराठी उमटे. लिहिणाऱ्यास मात्र कोड वाचताना काय छापले जाणार हे दिसत नसे. अनुभवी माणसे कडब्यातूनच शब्द ओळखीत. मोडी वाचणाऱ्या कारकुनाने बाळबोधाशिवाय अडू नये, त्यातलाच हा प्रकार. मराठी कोडमध्ये होती, पण वेषांतर करून होती.

युनिकोडने हे वेषांतर संपविले. १९९१ च्या ऑक्टोबरात प्रसिद्ध झालेल्या युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीतच देवनागरी होती आणि तिची मांडणी इस्कीच्या १९८८ च्या आराखड्यावर आधारलेली होती. प्रत्येक अक्षरास स्वतःचा कायमचा अंक मिळाला. एक्सेलच्या चौकटींनी १९९७ च्या आवृत्तीपासून युनिकोड स्वीकारला. २००० साली निघालेल्या विंडोजमध्ये देवनागरी प्रथमच अंगभूत आली. तिच्या सोबतचा ‘मंगल’ हा टंक मराठीतील कवी व अक्षरकार र. कृ. जोशी यांचा. (ल आणि श यांच्या हिंदी व मराठी वळणांचा वाद हा निराळ्या लेखाचा विषय आहे.) चौकटीत मराठी लिहावी, शोधावी, अकारविल्हे लावावी, हे सर्व आता यथास्थित होऊ लागले. कोडची खिडकी तेवढी मागे राहिली.

याचे कारण तांत्रिक असले तरी समजण्यास कठीण नाही. व्हीबीएचा संपादक कोडचा मजकूर युनिकोडमध्ये साठवीत नाही. तो संगणकाच्या जुन्या, एका बाइटच्या ‘कोडपेज’मध्ये साठवितो. रशियन, ग्रीक, अरबी, थाई या भाषांसाठी विंडोजमध्ये अशी जुनी कोडपेजे होती. देवनागरी विंडोजमध्ये आली तीच युनिकोडच्या काळात, म्हणून तिच्यासाठी असे कोडपेज दिले गेले नाही. उशिरा आल्याने देवनागरीस चौकटीत उत्तम घर मिळाले आणि कोडमध्ये मुळीच मिळाले नाही. रशियन कारकून आपल्या भाषेतील शब्द कोडमध्ये लिहू शकतो. मराठी कारकुनाने ‘यावल’ असे लिहिले तर तेथे चार प्रश्नचिन्हे उमटतात.

चारच का, हेही पाहण्यासारखे आहे. यावल हा शब्द डोळ्यास तीन अक्षरांचा दिसतो : या, व, ल. युनिकोडच्या हिशेबी तो चार अंकांचा आहे : य म्हणजे २३५१, काना म्हणजे २३६६, व म्हणजे २३५७ आणि ल म्हणजे २३५४. ज्या अंकाला कोडपेजात जागा नाही त्याच्या वाट्याला एक प्रश्नचिन्ह येते. शेजारच्या न्हावी या गावाची गोष्ट आणखी गमतीची. अक्षरे दोन, अंक मात्र सहा : न २३४४, पायमोडीचे चिन्ह २३८१, ह २३६१, काना २३६६, व २३५७ आणि दीर्घ वेलांटी २३६८. शब्दाची लांबी मोजण्यास मॅक्रोला सांगितले तर तो सहा असे उत्तर देतो. आणि अरुंद रकान्यात मावावे म्हणून पहिली दोनच चिन्हे घ्या असे सांगितले तर हाती ‘न्’ एवढाच पाय मोडलेला अवशेष राहतो.

यावर मॅक्रो लिहिणाऱ्यांनी जी पहिली तोड काढली ती अंकांचीच. व्हीबीएत अंक दिला असता त्याचे अक्षर करून देणारे एक फंक्शन आहे. ते चार वेळा वापरून, चारही तुकडे जोडून, यावल हे नाव तयार करता येते, आणि ते चौकटीत ठेवले की अचूक दिसते. एका गावाच्या नावासाठी हे ठीक आहे. सबंध नोटिशीचा मजकूर या रीतीने लिहावयाचा म्हणजे सहाशे-सातशे अंकांची माळ होते, आणि तीत एक अंक चुकला तर तो डोळ्यास सापडत नाही. ‘शेतकऱ्यास’ या शब्दातील ऱ चा अंक २३५३ आणि साध्या र चा २३५२. एकाचा फरक, पण साधा र पडला तर कागदावर ‘शेतकर्यास’ छापून येते. महसुली मराठीत हा शब्द किती वेळा येतो हे सांगावयास नको. मोडीच्या बाबतीत तर ही तोडही पुरत नाही. मोडी लिपी २०१४ मध्ये युनिकोडच्या सातव्या आवृत्तीत आली, पण तिची जागा ७११६८ पासून पुढे आहे आणि या फंक्शनची धाव ६५५३५ पर्यंतच आहे. कुलकर्ण्याचे एक मोडी अक्षर उमटविण्यास दोन अंकांची जोडी द्यावी लागते.

नाव तयार झाले तरी ते कोठे छापावयाचे यावर त्याचे भवितव्य अवलंबून असते. ‘छापणे’ या एका क्रियापदाखाली मॅक्रोच्या भाषेत तीन-चार निरनिराळी कामे येतात आणि मराठीची गत प्रत्येकात वेगळी होते. कोड तपासताना संपादकाच्याच खालच्या खिडकीत मजकूर उमटविण्याची जी आज्ञा आहे, तिच्यात मराठी अक्षरांची प्रश्नचिन्हे दिसतात. परंतु ती दिसण्यापुरतीच, आतले अक्षर शाबूत असते. पडद्यावर निरोपाची चौकट दाखविणारी आज्ञाही तशीच. मजकूर फाइलमध्ये लिहिण्याची व्हीबीएची जुनी आज्ञा मात्र घातक आहे. ती मजकूर कोडपेजात उतरवूनच फाइलमध्ये टाकते, आणि तेथे गेलेले प्रश्नचिन्ह हे खरोखरीचेच प्रश्नचिन्ह असते. त्यातून मूळ अक्षर परत मिळत नाही. शंभर खातेदारांची नावे अशा फाइलमध्ये गेली तर हाती शंभर ओळी प्रश्नचिन्हांच्या येतात. दाखविण्यातील चूक आणि नोंदीतील चूक यांतील हा भेद दप्तरी कामाच्या दृष्टीने मूलभूत आहे, आणि नवशिक्यास तो कोणी सांगत नाही. फाइल युनिकोडमध्ये लिहिणारी निराळी साधने आहेत. ती वापरली तर हा अनर्थ टळतो. शीट जशीच्या तशी छापयंत्राकडे पाठविणारी आज्ञा सर्वांत निर्धोक, कारण तेथे अक्षरे जुळविण्याचे काम विंडोज स्वतः करते. ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी काढणे, जोडाक्षर बांधणे, रफार चढविणे हे सारे त्यात आले.

लिपीचा प्रश्न सुटला तरी अंकांचा उरतो, आणि शेतकऱ्याचे खरे नुकसान येथे होण्याचा संभव अधिक. चार हेक्टर वीस आर हे क्षेत्र तक्त्यात ४.२० असे दिसते. मॅक्रोने चौकटीची ‘किंमत’ मागितली तर त्यास मिळते ४.२, कारण शेवटचे शून्य ही दिसण्याची व्यवस्था आहे, संख्येचा भाग नाही. यादीत ‘४.२ हे.’ असे छापून आले आणि वाचणाऱ्याने ते चार हेक्टर दोन आर असे वाचले, तर अठरा आर जमीन कागदावरून नाहीशी झाली. केळीच्या मुलखात अठरा आर म्हणजे थोडीथोडकी जमीन नव्हे. यावर उपाय म्हणून चौकटीत ‘दिसणारा मजकूर’ मागावा, तर रकाना अरुंद असल्यास संख्येऐवजी फुल्यांसारख्या खुणांची रांग हाती येते आणि तीच छापली जाते. दोन्ही मार्गांतील खड्डे निरनिराळे आहेत. संख्येला स्वरूप देणारी आज्ञा कोडमध्येच वापरणे हा बरा मार्ग. इंग्रजी अंकाचा मराठी अंक करणे त्या मानाने सोपे : अंकात २४०६ मिळविले की देवनागरी अंकाचा क्रमांक येतो.

याहून विलक्षण प्रकार पोटहिश्श्याचा. गट क्रमांक पाच, पोटहिस्सा दोन, हे दप्तरात ५/२ असे लिहितात. इंग्रजी अंकांत असे टाइप केले की एक्सेल त्यास तारीख समजते आणि ५ फेब्रुवारी असे करून टाकते. आत साठते ती १ जानेवारी १९०० पासून मोजलेली दिवसांची संख्या. २०२५ साली हे टाइप केले असेल तर ४५६९३. मॅक्रो मग नोटिशीत गट क्रमांकाच्या जागी निमूटपणे तारीख छापतो. खुद्द सातबारा हे नावही यातून सुटत नाही : ७/१२ असे इंग्रजी अंकांत लिहिले की ७ डिसेंबर होतो. ही खोड केवळ महाराष्ट्राच्या दप्तरासच जाचली असे नाही. जनुकांच्या काही इंग्रजी नावांच्या आरंभी ‘मार्च’ आणि ‘सेप्ट’ अशी अक्षरे येतात. एक्सेल त्यांच्या तारखा करीत असल्यामुळे शास्त्रीय निबंधांच्या तक्त्यांत इतक्या चुका शिरल्या की, नामकरणाचे काम पाहणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीने २०२० मध्ये अशा जनुकांची नावेच बदलल्याचे जाहीर केले. जनुकांची नावे बदलता येतात. पोटहिश्श्याची खूण बदलणे तलाठ्याच्या हाती नाही. रकाना आधी ‘मजकूर’ म्हणून नेमून मगच नोंद करणे एवढेच त्याच्या हाती असते.

आता वाक्याकडे वळू. तक्त्यातील गावाचे नाव उचलून त्यास प्रत्यय जोडणे हे मॅक्रोस वरवर सोपे वाटते. यावलला ‘चा’ जोडला तर यावलचा. साकळीला जोडला तर साकळीचा. पण सावद्यास तोच नियम लावला तर ‘सावदाचा’ असे छापून येईल आणि हिंगोण्याचे ‘हिंगोणाचा’ होईल. नामाचे सामान्यरूप हे मराठीचे व्याकरण मॅक्रोला अवगत नाही, आणि प्रत्येक गावासाठी ते शिकवीत बसणेही परवडत नाही. येथे जुन्या दप्तराची भाषा अनपेक्षितपणे मदतीस येते. ‘मौजे सावदा येथील’, ‘अमुक अमुक यांस’, ‘ता. यावल, जि. जळगाव’ या ठरीव शब्दयोजनांत विशेषनामाला विकार होतच नाही. प्रत्यय लागतो तो ‘येथ’ला किंवा ‘या’ सर्वनामाला. ही भाषा रुक्ष म्हणून तिची थट्टा होत आली आहे. कुलकर्ण्याने व कारकुनाने ती याच गरजेपोटी घडविली असावी, असे मानण्यास जागा आहे : नमुना एक, नावे अनेक, आणि मधली जागा नंतर भरावयाची. ज्याला आज मॅक्रोची रचना म्हणतात ती ‘मौजे’ आणि ‘येथील’ यांच्यामधल्या मोकळ्या जागेत आधीच तयार होती.

सरकारी अभिलेखाचे संगणकीकरण हा मात्र निराळा प्रवाह आहे, त्याची स्प्रेडशीटशी गल्लत होऊ नये. केंद्र सरकारने १९८८-८९ मध्ये देशातील आठ जिल्ह्यांत भूमी अभिलेखांचा जो प्रयोग सुरू केला त्यात महाराष्ट्रातील वर्धा जिल्हा होता. २००८ मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम आला, आणि १ मे २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा राज्यात मिळू लागला. ही व्यवस्था माहितीकोशावर चालते आणि तिच्यातील मराठी आरंभापासून कोशातच ठेवलेली आहे. पण अधिकृत उताऱ्याच्या अवतीभवती जे असंख्य कागद फिरतात, म्हणजे सोसायटीच्या पीककर्जाच्या याद्या, पंचनाम्यानंतरच्या नुकसानीचे तक्ते, शाळेचे दाखले, पाणीपट्टीच्या नोटिसा, ते पुष्कळ ठिकाणी स्प्रेडशीटमध्ये तयार होतात. तेथे मॅक्रो लिहिणारा हा बहुधा व्यवसायाने प्रोग्रॅमर नसतो. कचेरीतला एखादा हुशार कारकून किंवा शिक्षक असतो.

अशा माणसांनी अनुभवाने जी रीत पाडली ती अशी. वहीच्या शेवटी आणखी एक शीट ठेवावयाची आणि ती लपवून टाकावयाची. पहिल्या चौकटीत ‘मौजे’, दुसरीत ‘येथील खातेदार’, तिसरीत ‘यांस कळविण्यात येते की’, अशा रीतीने नोटिशीचे सारे मराठी तुकडे तिच्यावर लिहून ठेवावयाचे. मॅक्रोने फक्त चौकटींचे पत्ते सांगावयाचे : अमुक शीटवरील पहिली चौकट, मग यादीतील गावाचे नाव, मग दुसरी चौकट. अंकांच्या माळा लागत नाहीत, प्रश्नचिन्हे उमटत नाहीत, आणि नोटिशीतील शब्द बदलावयाचा झाल्यास कोड न उघडता तो बदलता येतो. ऱ चुकला असेल तर तो चौकटीत डोळ्यास दिसतो. लोटसच्या काळात हुकूमच चौकटीत लिहीत. आता हुकूम बाहेर गेला आणि त्याची मराठी तेवढी चौकटीत परत आली. कोड उघडून पाहिला तर त्यात यावलचे नाव कोठेच आढळत नाही. ते लपविलेल्या शीटवर, पहिल्या रकान्यात, तीन अक्षरांत लिहिलेले असते.